रिंग जात होती

एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात गराड्याकडचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले, त्यांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि पाण्याचा ग्लासही न घेता अण्णांना म्हणाले, “आठ दिस झालं फोन लावतोय. रिंग जातीया, पन कोन उचलंना. म्हटलं, अण्णा मोठं झालं आता.” त्यांची साडेसात एचपीची मोटर जळली होती, ती त्यांनी दुसरीकडे भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, टाकली होती आणि आमच्याकडे ते केवळ एवढे सांगायला आले होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हडपसरहून सासवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे पंपदुरुस्तीचे आणि मोटर रिवायंडिंगचे दुकान आहे. तिथला हिशेब, जीएसटी आणि फोन अशा तीन गोष्टी मी बघते आणि तिन्हींमध्ये फोन सर्वांत सोपा, असे मला तोपर्यंत वाटत होते. त्या दिवसांत आमची लाइन मुळात बंदच होती. रस्ता खणणाऱ्या जेसीबीने कडेची केबल तोडली होती. मी रोज सकाळी मोबाइलवरून तक्रार करायची, रोज मला नवा तक्रार क्रमांक मिळायचा आणि रोज “काम चालू आहे” असे सांगितले जायचे. हे ११ दिवस चालले. उन्हाळ्यातले ११ दिवस, म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळीच.

फोन बंद आहे हे आम्हाला ठाऊक होते. बाहेरच्या माणसाला ते कळत नव्हते, हे मात्र ते गृहस्थ येईपर्यंत आमच्या ध्यानात आले नाही. नंतर लाइन जोडायला आलेल्या मुलाला मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की तांब्याच्या तारेवरच्या फोनची रिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाजत असते. फोन करणाऱ्याच्या कानात जी ट्रिंग ट्रिंग ऐकू येते, तो आमच्या टेबलावरच्या घंटीचा आवाज नसतो. ती टेलिफोन एक्स्चेंजने त्याला ऐकवलेली खूण असते. मधली तार तुटली तरी एक्स्चेंज पुष्कळदा ती खूण इमानेइतबारे ऐकवत राहते. दोष कंपनीच्या तारेचा, पण पलीकडच्या माणसाच्या लेखी न उचलणारे आपणच. नुकसानीपेक्षा अण्णांना हेच जास्त लागले. “फोन बंद आहे असं ऐकू आलं असतं तर माणूस गाडी काढून आला असता,” ते म्हणाले. “उचलत नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल?”

कंपनी बदलायची, हे त्याच संध्याकाळी ठरले. ठरवायला एक संध्याकाळ लागली आणि बदलायला पाच महिने.

पहिली अडचण नंबराचीच होती. ०२० ने सुरू होणारा आमचा नंबर २००४ सालापासूनचा. तो बिलबुकावर आणि पाटीवर आहे, त्याचे काही विशेष नाही. पण तो पुरंदर आणि दौंड तालुक्यांतल्या कितीतरी विहिरींवर, बोअरवेलच्या शेजारी उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये, स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर होऊन बसलेला आहे. मोटर विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडून झाली की शेवटचे काम म्हणून कारागीर तो स्टिकर चिकटवतो आणि अंगठ्याने घासतो. पाच-सहा वर्षांनी एखाद्या रात्री मोटर बंद पडते, शेतकरी बॅटरी घेऊन पेटी उघडतो, तेव्हा त्याच्या समोर तेवढा एकच कागद असतो. असा नंबर बदलायचा म्हणजे दुकान एका रात्रीत दुसऱ्या गावी नेण्यासारखे आहे.

माझी समजूत अशी होती की मोबाइलसारखा हाही नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येईल. मोबाइलच्या बाबतीत ती सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि आता ती इतकी अंगवळणी पडली आहे की नंबर आपलाच असतो आणि कंपनी ही त्याला लावायची एक वस्तू असते, असे आपण धरून चालतो. लँडलाइनला ते लागू नाही. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने घरा-दुकानांच्या तारेवरच्या फोनचे नंबरही ग्राहकाला बरोबर नेता येतील अशी व्यवस्था केली. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर ज्या कंपनीने दिला तिच्याकडेच राहतो. आपण सेवा सोडली की तो काही काळ पडून राहतो आणि मग दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. वीस वर्षे ज्याला आम्ही आमचा नंबर म्हणत होतो, तो भाड्याचा होता. भाडे आम्ही दर महिन्याला भरत होतो, तरी हे कधी मनात आले नव्हते.

त्या दिवसांत मला आल्मन स्ट्रॉजरची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत असे. हा गृहस्थ अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करायचा. सांगतात असे, की त्याच्यासाठी येणारे फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर बाई त्याच्याच धंद्यातल्या आपल्या नवऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता. त्या संशयापोटी त्याने ऑपरेटरशिवाय, आपोआप जोडणी करणारे यंत्र शोधले, १८९१ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्यावर चालणारे एक्स्चेंज सुरूही झाले. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. आमचा नंबर सोडला आणि उद्या तो दुसऱ्या एखाद्या मोटरवाल्याला मिळाला तर काय, हे त्यांनी मला उलट विचारले. शक्यता फार कमी होती, पण शून्य नव्हती.

मग कंपन्यांची माणसे येऊ लागली. तिघे आले आणि तिघांनीही आधी लॅपटॉप उघडला. पहिल्याने पीआरआय लाइन सुचवली, जिच्यावर एका वेळी ३० जण बोलू शकतात. आमच्याकडे मालक, कारागीर आणि चहावाला धरून बोलणारे आठ जण. दुसऱ्याकडे क्लाउड फोन होता: एक नंबर, मागे आपले कितीही मोबाइल, कोणी किती फोन घेतले याचे रंगीत तक्ते, सगळ्या बोलण्याचे रेकॉर्डिंग. तिसरा फायबर इंटरनेटबरोबर लँडलाइन फुकट देत होता आणि “फुकट” हा शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारला की माझ्या नवऱ्याने त्याला शेवटी इन्स्टॉलेशनचे किती, एवढेच विचारले. दर जवळपास सारखेच होते, त्यावर १८ टक्के जीएसटी सगळ्यांचाच होता आणि तो आम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळणारच होता. दरावरून निवड करता येईना, तेव्हा माझ्या लक्षात आले की आम्हाला काय हवे आहे हेच आम्ही ठरवलेले नाही.

तेव्हा मी एक साधे काम केले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचे म्हणावे असे तेवढेच झाले. दुरुस्त झालेल्या जुन्या फोनशेजारी दोनशे पानी वही ठेवली आणि तीन आठवडे प्रत्येक फोनची नोंद केली: वेळ, गाव, काम, कोणी उचलला, किती वेळात सुटला. दुकान उघडे असतानाचे फोन मला अपेक्षित होते तसेच होते. पण सकाळी दुकान उघडल्यावर येणारी पहिली दहा-बारा माणसे हमखास एक वाक्य बोलत, “पहाटेपासून लावतोय.” शेतीपंपांना थ्री फेज वीज दिवसातले काही तासच मिळते आणि तिची पाळी दिवस-रात्र अशी बदलत राहते. मोटर बंद पडल्याचे कळते ते वीज आल्यावर, बटण दाबल्यावर. म्हणजे आमच्या फोनचे वेळापत्रक आमच्या शटरवर अवलंबून नव्हते; ते त्या त्या गावच्या फीडरवर, म्हणजे गावाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर, अवलंबून होते. सकाळी साडेनऊला उघडणाऱ्या दुकानाचा फोन पहाटे साडेपाचला सर्वांत जास्त वाजत होता आणि वीस वर्षे तो रिकाम्या दुकानात वाजत होता. जुन्या फोनला न उचललेल्या कॉलची नोंद ठेवायची सोयच नव्हती, त्यामुळे आमचे किती नुकसान झाले हे कळायला मार्ग नव्हता, आणि एका अर्थी ते बरेच झाले.

वहीतून दुसरीही एक गोष्ट निघाली. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते: माणूस कधी येईल? तक्ते, रेकॉर्डिंग, रंग यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आम्हाला हवे होते ते पूर्वीच्या भाषेतले “हंटिंग”, म्हणजे एकाने उचलला नाही तर दुसऱ्याकडे, त्याने नाही तर तिसऱ्याकडे फोन आपोआप जाणे, तेही चोवीस तास. त्यामुळे पुढच्या भेटीत मी तिघांनाही तेच तीन प्रश्न विचारले. फोन फिरून कारागिराच्या मोबाइलवर आला तर त्याला शेतकऱ्याचा नंबर दिसेल की तुमच्या कंपनीचा? आमच्याकडची वीज गेली तर काय होईल? आणि उद्या तुम्हालाही सोडायचे झाले तर नंबर कोणाचा? पहिल्या प्रश्नावर पीआरआयवाला म्हणाला की विचारून सांगतो, आणि तो परत आला नाही. फायबरवाल्याने दुसऱ्या प्रश्नावर प्रामाणिक उत्तर दिले, त्याबद्दल मला त्याचे अजून कौतुक वाटते. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट वीज तारेतूनच मिळते. गावभर अंधार असला तरी तो चालतो. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. आपल्या भिंतीवरची पेटी आपल्याच विजेवर चालते आणि ती गेली की फोनही गेला. “यूपीएस लावावा लागेल, ताई, आणि तोही दोन-तीन तासच,” असे तो म्हणाला. ज्यांचा धंदाच विजेच्या येण्याजाण्यावर चालतो त्यांनी असा फोन घ्यावा, हे मला पटेना.

क्लाउडवाल्याच्या बाबतीत ती अडचण नव्हती, कारण त्याचे यंत्र आमच्या दुकानात नव्हतेच आणि फोन शेवटी मोबाइलवर वाजणार होते. शेतकऱ्याचा नंबर दिसेल, असे त्याने लेखी दिले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र त्याचेही उत्तर जुन्या कंपनीसारखेच होते: नंबर आमचा, तुम्ही वापरा. तेव्हा मुख्य नंबर म्हणून आम्ही एक मोबाइल नंबर घेतला, जो पुढे कुठेही नेता येईल, आणि त्याचे फोन क्लाउडकडे वळवले. आधीच सांगते, हे काही आदर्श उत्तर नाही. एका जोडणीऐवजी दोन झाल्या आणि बिलेही दोन. पण एकदा भाड्याच्या घरातून सामान काढावे लागले की माणूस पुढचा करारनामा नीट वाचतो.

दुकानाचे सहा मोबाइलही त्याच वेळी दुसऱ्या कंपनीत न्यायचे ठरवले, कारण जुन्या कंपनीचे नेटवर्क दिवे घाटाच्या पलीकडे गेले की विरळ होत असे. याची रीत सोपी आहे. नंबर त्या नेटवर्कवर ९० दिवस असावा लागतो, थकबाकी नसावी लागते, १९०० वर संदेश पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो आणि तो आपल्याकडे चार दिवस चालतो. फर्मच्या नावावरच्या नंबरांसाठी अधिकृत सहीचे पत्र जोडावे लागते. पाच नंबरांचे पाच कामाच्या दिवसांत झाले. सहावा अडला, कारण तो फर्मच्या नावावर नव्हताच. सहा वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या एका कारागिराच्या आधारकार्डावर तो घेतलेला होता. तेव्हा घाई होती, तो दुकानात होता, आधारकार्ड त्याच्या खिशात होते. इतकी वर्षे बिल आम्ही भरत होतो आणि कागदोपत्री फोन त्याचा होता. तो आता यवतला स्वतःचे छोटे दुकान चालवतो. माझा नवरा पेढे घेऊन गेला, त्या कारागिराने एका शब्दाने न अडवता सही दिली आणि वर, “मला वाटलं कधीच बंद केला असेल,” असे म्हणाला. त्याने मनात आणले असते तर स्ट्रॉजरची गोष्ट हडपसरला पुन्हा घडली असती.

आता ज्या भागाचे मला अजून हसू येते तो सांगते. क्लाउड कंपनीने सुरुवातीला आमच्यासाठी मेनू बनवून दिला होता: नव्या मोटरसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, बिलासाठी तीन. आवाज कुठल्याशा निवेदिकेचा होता, मराठी शुद्ध होते, आणि पहिल्या दोन दिवसांत निम्म्या लोकांनी मधेच फोन ठेवला. तेव्हा कोणीतरी सुचवले की आवाज अण्णांचा घ्या. अण्णांनी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, जणू फोटोच काढायचा आहे अशा थाटात, दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून रेकॉर्डिंग केले. “नमस्कार. मोटर बंद पडली असेल तर दोन दाबा.” चार वेळा करावे लागले, कारण तीन वेळा ते शेवटी आपोआप “काय झालं?” असे विचारून बसले.

आठवड्याने मी रेकॉर्डिंगे ऐकली. मेनू चालू असतानाचा आवाजही त्यात येत होता. अण्णा म्हणत होते, नमस्कार; पलीकडून कोणी तरी म्हणत होते, “हां अण्णा, नमस्कार, रामराम. अवो, मोटर हूं करतीया पन उचलत न्हाई.” अण्णा म्हणत होते, दोन दाबा. पलीकडचा म्हणत होता, “दाबलं की, दोन्ही बटनं दाबून बघितली, लाल बी आन हिरवं बी.” मग शांतता. मग पुन्हा अण्णा: नमस्कार. पलीकडचा, जरा खालच्या आवाजात: “अण्णा, बरं हाय ना?” असे एक नाही, सात-आठ फोन होते. मी ते अण्णांना ऐकवले. ते आधी हसले, मग त्यांनी एक पुन्हा लावायला सांगितला, मग चष्मा काढला आणि म्हणाले, “काढून टाक ते. माणसाला माणूस द्या.” मेनू त्याच दिवशी निघाला. आता फोन थेट वाजतो: आधी दुकानात, मग माझ्या नवऱ्याकडे, मग दोन कारागिरांकडे, शेवटी माझ्याकडे. कंपनीच्या प्रतिनिधीला हे फार मागासलेले वाटले. इतक्या सोयी असलेल्या योजनेचे पैसे भरून तुम्ही फक्त घंटी वाजवता, असे त्याने बोलून दाखवले, आणि त्यात खोटे काही नव्हते.

राहिला जुना नंबर. तो सोडायचा नाही, एवढे नक्की होते. त्याची सर्वांत स्वस्त योजना ठेवली आणि सगळे फोन नव्या नंबरावर वळवायची विनंती दिली. तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सहज सांगितले की लँडलाइनचे फोन वळवण्याचे काम एक्स्चेंजमध्येच होते, त्यासाठी तुमच्यापर्यंतची तार चालू असावी लागत नाही. मी दोन वेळा विचारून खात्री केली. म्हणजे एप्रिलमधल्या त्या ११ दिवसांत पहिल्याच तक्रारीच्या वेळी मी एवढी एक विनंती केली असती, तर गराड्याचा फोन माझ्या मोबाइलवर वाजला असता. मी रोज तक्रार करत होते. सोय मागायची असते हे मला माहीत नव्हते, आणि तक्रार घेणाऱ्यांपैकी कोणीही ते सांगितले नाही. अण्णांना हे मी बरेच दिवस सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मग कंपनी बदलायची गरज नव्हती म्हण की.” मी म्हटले, पहाटेच्या फोनांसाठी होती. त्यावर त्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटले की नाही ते मला सांगता येणार नाही.

नव्या स्टिकरवर आता मोबाइल नंबर मोठा आणि जुना त्याखाली लहान छापलेला आहे. महिन्याच्या यादीत जुन्या नंबरावरून वळून आलेल्या फोनांपुढे वेगळी खूण येते. ते कमी होत चालले आहेत, पण उन्हाळा आला की पुन्हा वाढतात, कारण तेव्हा जुन्या मोटरी जळतात आणि जुन्या पेट्या उघडल्या जातात.

परवा पहाटे पाच चाळीसला माझा मोबाइल वाजला. चौथ्या माणसापर्यंत फोन पोहोचला होता, म्हणजे आधीचे तिघेही झोपेत. नंबरापुढे जुन्या लाइनची खूण होती. आवाज मी ओळखला. गराड्याचेच ते गृहस्थ. दुसरीकडे भरलेली मोटर दोन उन्हाळे टिकली नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी वही ओढली आणि विचारले, मोटर किती एचपीची, किती फुटांवर सोडली आहे, पाइप दोन इंची की अडीच?

“आता ते मला काय म्हाईत, ताई,” ते म्हणाले. “अण्णांनी सोडलीया. त्यास्नी इचारा.”

मी फोन हातात धरून मागच्या अंगणात गेले. अण्णा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, ओला हात धोतराला पुसला आणि फोन कानाला लावून म्हणाले, “काय झालं?”